अ‍ॅटोमायझरची वात घरी बनवतोय, पण करपट चव जात नाही

ओलीवात (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बावीस वर्षं सिगारेट ओढली, गेल्या तीन वर्षांत एकही नाही. ज्या अ‍ॅटोमायझरच्या आधाराने हे जमलं तो (ई-सिगारेटमधला लिक्विडची वाफ करणारा भाग) आता जुना झाला आहे आणि त्याचे तयार हेड, म्हणजे आतली बदलायची तार आणि वात, मिळेनासे झाले आहेत. शेवटचं हेड संपल्यावर ते टाकून न देता उघडून पाहिलं. आत तारेची सहा वेटोळी, म्हणजे कॉइल, आणि त्यातून आरपार गेलेली काळी वात. तार धडधाकट होती, संपली होती ती फक्त वात. मग वातच का बदलू नये?

पहिल्यांदा शिवणाचा पांढरा दोरा आठ पदरी करून, पीळ देऊन घातला. दुसऱ्याच झुरक्याला प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, लगेच काढून टाकला.

मग औषधाच्या दुकानातला शोषक कापूस घेतला. वात जितकी जाड तितकं लिक्विड जास्त धरेल असा हिशोब करून कॉइलमध्ये मावेल तेवढा ठासला. पहिले चार झुरके अगदी छान. पाचव्याला घशाला असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. वात बाहेर काढली तर दोन्ही टोकं ओलीचिंब आणि मधला भाग तपकिरी. इथे माझी मती खुंटली. टाकी भरलेली, टोकं भिजलेली, मग मधेच कोरड कशी पडते?

माहिती लागेल म्हणून देतो: कॉइलचा आतला व्यास २.५ मिमी, रोध १.८ ओहम, १० वॅट. लिक्विड सत्तर टक्के ग्लिसरीन, तीस टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे आपलं नेहमीचं पीजी.

पेळू

दोऱ्याचं आधी सांगते, कारण ती चूक पुन्हा कोणी करू नये. शिवणाचा दोरा दिसायला सुती वाटला तरी बहुतेक वेळा तो पॉलिएस्टरचा असतो. पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं. ग्लिसरीन उकळतं २९० अंशांना. म्हणजे कॉइल आपलं काम नीट करत असतानाही दोरा वितळू शकतो, आणि तो धूर तुमच्या छातीत जातो. सुती दोरा मिळाला तरी शिवणाच्या दोऱ्याला बऱ्याचदा मेण किंवा खळ लावलेली असते, रंगही असतो. दोरा हा विषय कायमचा बंद करा.

हाती आलेला तंतू कशाचा आहे हे पाहायला कापडाच्या धंद्यातली जुनी परीक्षा आहे. थोडासा चिमट्यात धरून जाळायचा. कापूस भरकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते, बोटाने चुरडली की भुकटी होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतं. मणी दिसला की तो माल वातीच्या कामाचा नाही. कापसाचे म्हणून विकले जाणारे मेकअपचे गोळे आणि चकत्यासुद्धा या परीक्षेला बसवा, त्यांत भेसळ आढळते.

तारजोडी

ओलीवात, तुमच्या प्रश्नात निम्मं उत्तर आहे: "मावेल तेवढा ठासला". लिक्विड साठवायला टाकी आहे. वातीने फक्त ते कॉइलपर्यंत आणून पोचवायचं, आणि तेही झुरका जेवढं उडवतो तेवढ्याच वेगाने. तुमच्या वातीत माल भरपूर होता, वाट नव्हती. टोकं ओली आणि मध्य करपलेला ही ठासलेल्या वातीची खूणच आहे.

नवीन माणूस करपट चव आली की आणखी कापूस घालतो. मीही पहिले दोन महिने तेच करत होतो आणि दर वेळी जास्त करपायचं. घट्टपणा हाताला कसा कळावा ते सांगतो. कापसाचं एक टोक पीळ देऊन टोकदार करा, कॉइलमधून पलीकडे काढा आणि हळू ओढा. कापूस सरकताना किंचित अडतोय असं जाणवलं पाहिजे, पण तारेची वेटोळी जागची हलता कामा नयेत. वेटोळी कापसाबरोबर ओढली जात असतील तर घट्ट झालं. कापूस नुसता घसरत असेल तर सैल, मग तार आणि वात यांच्यात फट राहते आणि तिथे तार कोरडी तापते. एक ध्यानात ठेवा, कापूस भिजला की फुगतो. कोरडा असताना अगदी बरोबर वाटणारा बहुधा भिजल्यावर घट्ट होतो. म्हणून शंका आली तर चार तंतू कमी.

आणि पीळ फक्त टोकाला, ओवण्यापुरता. ओवून झाला की तेवढं टोक कापून टाका. कॉइलच्या आत पीळ राहिला तर तंतू एकमेकांना आवळतात. तंतू कॉइलच्या लांबीला समांतर, सरळ हवेत. पेळूताईंचं नावच त्याचं उदाहरण आहे, सूत काढण्याआधीचा पेळू असतो तसा. सूत झालं की फसलं.

केशाकर्षण

तारजोडी यांनी हाताने सांगितलं ते भौतिकशास्त्र असं सांगतं. बारीक फटींतून द्रव किती वेगाने चढतो याचं गणित लुकासने १९१८ मध्ये आणि वॉशबर्नने १९२१ मध्ये मांडलं. फट जितकी बारीक तितकी ओढ जास्त, हे आपल्याला माहीत असतं. पण फट बारीक झाली की वाटेतला अडथळा ओढीपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. ओढ फटीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढते, तर वाहण्याची सोय त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे घटते. म्हणून ठासलेली वात लिक्विड घट्ट धरून ठेवते आणि पुढे सोडत नाही. ओलीवात यांनी टोकांशी जे पाहिलं ते हेच.

त्याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. द्रवाने कापलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे वात दुप्पट लांब ठेवली तर भिजायला चौपट वेळ. टोकं गरजेपेक्षा लांब ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिसरी गोष्ट लिक्विडची. २० अंशांना ग्लिसरीन पाण्याच्या सुमारे १४०० पट दाट असतं (दाट म्हणजे इथे वाहायला जड), पीजी पन्नासेक पट. तेच ग्लिसरीन ४० अंशांवर नेलं की त्याचा दाटपणा पाचव्या हिश्शावर येतो. थंडीत तीच वात, तेच लिक्विड अचानक करपायला लागतं त्याचं कारण हे. बाटली थोडा वेळ खिशात ठेवून मग टाकी भरली तरी फरक पडतो.

ओलीवात

पेळूताई, पॉलिएस्टरचं वाचून अंगावर काटा आला. आत्ताच घरातला दोरा जाळून पाहिला, टोकाला टणक मणी आला.

तारजोडी, आज कापूस निम्मा करून पाहतो. पण एक समजत नाही. कापूस जळतो हे तर आपण सगळेच जाणतो. मग लाल होणाऱ्या तारेच्या आत तो टिकतो तरी कसा?

केशाकर्षण

दिव्यातली वात टिकते तशीच. तेल पोचतंय तोवर दिव्यात जळतं ते तेल, वात नाही. तेल संपलं की मग वात जळू लागते. द्रवाची वाफ होताना तो उष्णता ओढून घेतो, त्यामुळे वात ओली आहे तोवर तिचं तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या फार वर जात नाही. पीजी १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला, मिश्रण यांच्या मध्ये कुठेतरी. तारेचा एखादा भाग कोरडा पडला की ही लगाम सुटते आणि क्षणात तापमान चढतं.

ओली कॉइल कधीच लाल दिसत नाही. चालू असताना लाल दिसली तर समजा की तिथे लिक्विड पोचलेलं नाही, बटण सोडा.

आणि करपट झुरका ही केवळ चवीची बाब मानू नका. ग्लिसरीन जास्त तापलं की त्यातून अ‍ॅक्रोलीन तयार होतं, पीजी आणि ग्लिसरीन दोन्हींतून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड. ही सगळी घातक द्रव्यं. घशाला बसणारा चटका ही शरीराने दिलेली सूचना आहे. "अजून दोन झुरके घेऊ, मग वात बदलू" असं करू नये.

जुनापाणी

हा धागा वाचून जुने दिवस आठवले. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये आपलं उपकरण बनवलं तेव्हा त्यात तापणारी तार हा मुख्य भाग नव्हता, ध्वनिलहरींनी लिक्विडचे तुषार करायची कल्पना होती. तापणारी कॉइल नंतर रुळली. त्याच्याही कितीतरी आधी, १९६५ मध्ये, हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन माणसाला बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटचं पेटंट मिळालं होतं, पण ते बाजारात रुजलं नाही.

आम्ही सुरुवात केली तेव्हा टाकी नव्हती. छोट्या कार्ट्रिजमध्ये पॉलिएस्टरचा पिंजलेला भराव असायचा, तो लिक्विडने भिजवायचा आणि अ‍ॅटोमायझरमधल्या धातूच्या जाळीच्या पुलाला टेकवायचा. भराव नीट सोडत नसे, म्हणून लोक त्याच्या जागी मत्स्यटाकीच्या गाळणीचा स्पंज घालत, चहाच्या पिशवीचा कागद गुंडाळून घालत. घरगुती वातीची सगळी विद्या त्या खटपटीतून आली. त्यात एक गोष्ट आम्हाला फार उशिरा उमगली: तो भराव कॉइलपासून लांब असायचा म्हणून चालत होता. तोच पदार्थ तारेच्या आत घालणं हा वेगळाच प्रकार आहे. पेळूताईंनी वितळण्याचा आकडा दिला ते फार बरं केलं.

पुढे सिलिकाची दोरी आली. सिलिका १७०० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे करपायचा प्रश्नच नाही, तार लाल करून तिच्यावरचा थर जाळता यायचा. पण ती लिक्विड सावकाश ओढते, आणि कापताना तिचे बारीक तुकडे उडतात. मी कापूस वापरायला लागलो आणि सिलिकाकडे परत गेलो नाही. चवीत जमीन-अस्मानाचा फरक.

नवखा

मध्येच विचारतो, क्षमा असावी. शेगडीच्या दाराला लावतात ती काचतंतूंची दोरी माझ्याकडे पडून आहे. तीही उष्णता सोसते. तिची वात चालेल का?

तारजोडी

नाही. अजिबात नाही. कृपा करून करू नका.

काचतंतू आणि शुद्ध सिलिका दिसायला सारखे, पण माल वेगळा. काच साधारण साडेआठशे अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, आणि अशा दोऱ्यांवर तंतू धरून ठेवायला चिकट द्रव्यं, कधी रंगही लावलेले असतात. ते तापून कशाची वाफ होईल याची खात्री कोणीच देणार नाही, कारण ती दोरी श्वासात घ्यायला बनवलेलीच नाही. त्यात मोडलेले तंतू सुटे होऊन झुरक्याबरोबर आत जाण्याचा धोका वेगळा. "उष्णता सोसते" एवढी एकच कसोटी वातीला पुरत नाही. साधा शोषक कापूस इतका सहज मिळत असताना ही जोखीम कशासाठी घ्यायची?

पेळू

तारजोडींशी शंभर टक्के सहमत.

आता कापसाबद्दल, कारण "कापूस उकळावा का" हा प्रश्न येणारच आहे. बोंडातून निघालेल्या कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा आणि पेक्टिनचा पातळ थर असतो. वजनाने तो फार थोडा, पण त्याच्यामुळे कच्चा कापूस पाण्यावर तरंगत राहतो. शोषक कापूस बनवताना तो अल्कलीच्या द्रावणात उकळून हा थर काढतात, मग विरंजन करतात, धुतात. म्हणून औषधी शोषक कापूस पुन्हा उकळायची गरज बहुधा नसते. उलट कच्चा, "नैसर्गिक" म्हणून विकला जाणारा कापूस नुसत्या पाण्यात उकळून सगळं मेण निघत नाही. तो वातीला घेऊच नये असं माझं मत आहे.

कापूस कसा आहे हे पाहायला वाडगाभर स्वच्छ पाणी पुरतं. चिमूटभर कापूस न दाबता अलगद पाण्यावर सोडा. चांगला शोषक कापूस दहा सेकंदांत बुडतो, औषधसंहितेतली मर्यादाही तीच आहे. तरंगत राहिला तर त्यावर मेण किंवा दुसरं काही तरी आहे. ही चाचणी मी प्रत्येक नवीन पुड्याची करते, एकाच ठिकाणच्या दोन पुड्यांतही फरक सापडला आहे.

जुनापाणी

उकळण्याबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा. चाचणीत बुडणाऱ्या कापसालाही पहिल्या काही झुरक्यांना कोरड्या कापडाची चव येते, उकळल्यावर ती जाते. दोनदा पाणी बदलून उकळतो, पिळत नाही, कोऱ्या कापडावर पसरून पूर्ण वाळवतो. पिळला तर तंतू गोळा होतात आणि मग पिंजत बसावं लागतं.

पेळू

चवीसाठी उकळायला माझी काहीच हरकत नाही. फक्त उकळून वाईट कापूस चांगला होतो असा समज पसरू नये.

ओलीवात

काल रात्रीचा वृत्तांत. कापूस पाण्याच्या परीक्षेत उतरला. निम्मा केला, समांतर तंतू ठेवून ओवला, किंचित अडत गेला, वेटोळी हलली नाहीत. आणि करपट चव गेली! सलग वीस झुरके, शेवटचा पहिल्यासारखाच. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

पण सकाळी उठून पाहतो तर टेबलावर लिक्विडचं तळं. झुरका घेतला तर गुडगुड आवाज आणि तोंडात गरम थेंब. आता हे काय?

तारजोडी

आता दुसऱ्या टोकाला गेलात. म्हणजे योग्य जागा या दोघांच्या मध्ये आहे आणि ती सापडणार.

कॉइलच्या आत जे केलंत ते तसंच ठेवा, ते बरोबर आहे. गळतीचं कारण बाहेर, टोकांपाशी आहे. टाकीतून लिक्विड ज्या खाचांतून आत येतं त्या खाचा वातीच्या टोकांनी झाकल्या गेल्या पाहिजेत. ती टोकं म्हणजे बूच आहे. आधी तुम्ही कापूस जास्त घातला होता म्हणून खाचा आपोआप भरायच्या, आता निम्म्या कापसाची टोकं तिथे अपुरी पडतात.

टोकं कॉइलच्या बाहेर सुईने अलगद पिंजा, म्हणजे ती फुलतील. खाचेच्या तळाला जेमतेम टेकतील एवढीच लांब कापा. मग सुईनेच खाचेत बसवा, दाबू नका. खाच भरलेली दिसली पाहिजे पण कापूस मऊ राहिला पाहिजे. आणि कॉइलखालचं हवेचं छिद्र पूर्ण मोकळं हवं, एखादा तंतू तिथे लोंबत असेल तर लिक्विड त्याच्यावरून खाली उतरतं. तुमची गुडगुड कदाचित तेवढ्यानेच असेल.

बसवून झाल्यावर बटण लगेच दाबू नका. वातीवर आधी वरून थेंब थेंब सोडा, ती पांढरी अपारदर्शक होती ती सगळीकडून ओली, पारदर्शक दिसेपर्यंत. टाकी भरल्यावर दहा मिनिटं थांबा. सत्तर टक्के ग्लिसरीनला तेवढा वेळ द्यायलाच हवा.

नवखा

स्टीलच्या जाळीची वात अनेक वर्षं टिकते असं ऐकलं. मग कापसाची कटकट कशाला?

जुनापाणी

जाळी मी दोन वर्षं वापरली. ४०० नंबरची बारीक जाळी कापायची, ज्योतीवर चार-पाच वेळा लाल करून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवायचा, सुईभोवती पोकळ नळीसारखी गुंडाळायची आणि तिच्यावर तार वेढायची. तो थरच तार आणि जाळी यांच्यातलं विद्युतरोधक. तो कुठे खरवडला गेला की वीज तारेतून न जाता जाळीतून जाते, रोध अचानक घसरतो.

याचा अर्थ आकड्यांत पाहा. भरलेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्ट देते. १.८ ओहमच्या कॉइलमधून साधारण २.३ अँपिअर जातात. जाळीला चिकटून रोध ०.२ ओहम झाला तर तीच बॅटरी २१ अँपिअर द्यायला जाते. संरक्षक सर्किट नसलेल्या यांत्रिक उपकरणात त्याचा शेवट बॅटरी फुटण्यात होऊ शकतो. ज्याला रोध मोजायची सवय नाही त्याने जाळीच्या वाटेला जाऊ नये, आणि यांत्रिक उपकरणावर तर नाहीच. कापूस फसला तर चव बिघडते. जाळी फसली तर हात भाजतो. मी कापसाकडे वळलो त्याचं हेही एक कारण.

रोध मोजायची सवय मात्र कापूस वापरणाऱ्यांनीही ठेवावी. वात घालताना वेटोळी एकमेकांना टेकली किंवा तारेचा पाय सैल झाला तर आकडा लगेच सांगतो.

संपादक

चर्चा चांगली चालली आहे, वातीपुरतीच ठेवूया. जिथे या उपकरणांवर बंदी आहे तिथल्या वाचकांनी तिथला नियम पाळावा. ज्यांनी कधी सिगारेट ओढलेली नाही त्यांनी हे वाचून सुरुवात करू नये. एक राहून गेलेली गोष्ट: निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं. वात बदलल्यावर हात साबणाने धुवा. वापरलेली वात उघड्या केराच्या डब्यात टाकू नका, लहान मूल किंवा पाळीव प्राणी ती तोंडात घालू शकतं. डबीत बंद करून मग टाका.

ओलीवात

संपादक, धन्यवाद. घरात दोन वर्षांची नात आहे आणि मी काल ती वात टेबलाखालच्या डब्यात टाकली होती. वाचल्याबरोबर उठून डबा बाहेर नेला.

गळती थांबली. तारजोडी, एक तंतू खरोखरच हवेच्या छिद्रात लोंबत होता.

शेवटची शंका. ही वात किती दिवस चालते? आणि बदलताना तीच तार पुन्हा वापरू का? तिच्यावर काळा थर बसला आहे.

तारजोडी

दिवस मोजू नका, चव पाहा. गोडवा घातलेलं लिक्विड असेल तर त्याचा थर तारेवर भराभर साचतो आणि वात चार दिवसांतच तपकिरी होते. बिनगोडीच्या लिक्विडला तीच वात कितीतरी जास्त जाते. चव मंदावली किंवा वाफ कमी वाटली की बदला, करपायची वाट पाहू नका. कापूस घरचा आहे, त्यात काटकसर नको.

तार कांथलची किंवा निक्रोमची (तापवायच्या तारांचे मिश्रधातू) असेल तर पुन्हा वापरता येते. आधी जुनी वात पूर्ण काढा, एक तंतूही आत राहता कामा नये. मग अगदी कमी वॅटवर, क्षणभरच बटण दाबून सोडत थर जाळा. तार मंद लाल झाली की पुरे, पांढरी होईपर्यंत तापवू नका. गार झाल्यावर पाण्याखाली धरून मऊ ब्रशने राख काढा, वाळवा, रोध मोजा, मग नवा कापूस. तार निकेलची किंवा टायटॅनियमची असेल तर हे करायचं नाही, ती अशी लाल करून जाळू नये. तुमची १.८ ओहमची सहा वेटोळी २.५ मिमीवर म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपासची कांथल असावी, पण हेडबरोबरच्या कागदावर एकदा खात्री करा. कागद नसेल आणि तार कशाची ते कळत नसेल तर नुसती पाण्याने धुवा, जाळू नका.

ओलीवात

कागद सापडला, कांथलच आहे. आज थर जाळला, धुतली, वाळवली. रोध १.८ च आला. जुनापाणी यांच्यासारखा कापूस दोनदा उकळून कोऱ्या कापडावर वाळत घातला आहे, उद्या संध्याकाळी ओवतो. जुनी चार हेड एका डबीत जपून ठेवली होती, तीही काढली आहेत. त्यातल्या एकाची तार तुटलेली दिसते, बाकी तीन ठीक आहेत.